बालिका असत्य बोलत आहे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगायचं राहिलं, आणि आता ती नाही. ज्याच्या शेजारी कॉलेजात एका बाकावर बसलो, ज्याचा डबा माझा आणि माझा डबा त्याचा होता, त्या मित्रालाही नाही. सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं — आणि तोंड उघडण्याचीच तर सगळी भानगड आहे. लिहिताना माझं काही अडत नाही. म्हणून लिहितो आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. ओळखत असता तर पहिली गोष्ट माझ्या भाषेचीच काढली असती. "भोईर गुरुजी बोलायला लागले की ऐकत राहावं," असं निर्वासितांच्या कॅम्पातल्या आमच्या शाळेत म्हणत. जोशी म्हणून एक मास्तर होते, जन्मापासून पुण्याचे. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "भोईर, तुमच्या घरी भातशेती ना हो? मग ही असली भाषा आणलीत कुठून? आमच्या घरात कुणी 'साहाय्य' मागत नाही बुवा. आम्ही आपले मदतच मागतो!" सगळे हसले. मीही हसलो. पण छाती फुगली होती — ते कशाला लपवू? मोरिवलीच्या आगरी घरातला पोरगा. बापाने आधी चिखल तुडवला, मग काड्यापेटीच्या कारखान्यात गंधकाचा वास अंगावर घेतला. त्या घरातला पहिला बी. ए. मी. आणि पुण्याचा ब्राह्मण माझी भाषा वाखाणतो आहे! कोणाची छाती फुगणार नाही?

पण ती भाषा आली कुठून, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मला 'म' म्हणता येत नव्हता.

शब्दाच्या मधला 'म' यायचा. शेवटचा यायचा. तोच 'म' शब्दाच्या तोंडाशी आला की ओठ मिटायचे ते मिटलेलेच राहायचे. आत श्वास कोंडायचा, मानेची शीर ताठ व्हायची, डोळे आपोआप बंद. आणि समोरचा माणूस — हे सगळ्यांत वाईट — समोरचा माणूस माझ्या चेहऱ्यावरून नजर काढून घ्यायचा. जसं काही मी उघडा पडलो आहे.

लहानपणी घरात हे सगळ्यांना माहीत होतं. बाप 'अडकलास कशाला' म्हणून वैतागायचा, "आरं बोल ना! आरकलास कनाला?" आई वेखंड मधात उगाळून जिभेखाली लावायची. कुणीतरी सांगितलं म्हणून पोपटाने टोचलेला पेरू शोधून आणून खायला घातला. "जीब जर हाय पोराची, सुटंल," म्हणायची; जर म्हणजे जड. मग हळूहळू सगळ्यांना वाटलं, सुटली. पोरगं सुधारलं.

सुधारलं काय? तुम्ही कधी लक्ष दिलं आहे का, हा 'म' किती शब्दांच्या दारात उभा असतो ते? मी. मला. माझं. मग. म्हणून. माणूस. मामा. मीठ. पंगतीत मीठ मागता येत नाही म्हणून मी आळणी आमटी गिळलेली आहे. मामाला लांबून हाक मारता येत नाही म्हणून शेताचा बांध ओलांडून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलेलो आहे. तो म्हणायचा, "काय गुनाचा भाचा, वराडत नाय, जवल येतं!"

आणि मग कॉलेजात मला चोरवाट सापडली. पुस्तकं. एका शब्दाला तिथे कितीतरी पर्याय! मुलाचं 'बालक' केलं, माणसाचा 'इसम', मदतीचं 'साहाय्य', 'मग'चं 'तदनंतर'. 'मी' तर गाळूनच टाकला — 'गेलो होतो', 'आलो होतो' म्हटलं की भागतं, मराठीची केवढी मेहेरबानी! अडणारा शब्द येण्याआधीच मला दिसायचा, रस्त्यातल्या खड्ड्यासारखा, आणि मी वळसा घालून जायचो. लोकांना खड्डा दिसायचा नाही. त्यांना वाटायचं, काय डौलदार चाल आहे!

फक्त एका शब्दाला पर्याय सापडला नाही. माझं नाव मारुती. नावाला पर्याय कुठून आणणार? मी 'भोईर' सांगायचो, आणि ऐकणाऱ्याला ती साहेबी पद्धत वाटायची.

हे सगळं मी अजून हसून सांगू शकतो. हे माझं पाप नव्हे. पाप पुढे आहे.

कॉलेजात असताना कळलं की मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात बोलण्यातल्या दोषांवर उपचार करतात. कुणालाही न सांगता गेलो. एक लांबट खोली. भिंतीला आरसा, टेबलावर मेणबत्ती. लहान लहान मुलं आरशासमोर बसून ओठांचे आकार करत होती. एका बहिऱ्या मुलीचा तळहात तिथल्या बाईंनी स्वतःच्या गळ्यावर ठेवला होता. बाईंनी लांब 'आ' केला. मग तिचाच हात उचलून तिच्या गळ्यावर ठेवला. आणि ती पोर — तिच्या घशातून एक घोगरा आवाज निघाला. शब्द नव्हे, नुसता आवाज. तिला तो ऐकू आला नाही, पण हाताला कळला. तिने हाताकडे असं बघितलं की जणू तळव्यात चिमणी येऊन बसली आहे.

मी दारातच उभा राहिलो. बोलणं म्हणजे एवढं मोठं काही असतं? आपण दिवसभर जे येता-जाता उधळतो, भांडणात, बाजारात, शिव्यांत — ते हे? श्वास आत येतो, बाहेर जातो, वाटेत मांसाच्या एवढ्याशा घड्या हलतात, आणि एका माणसाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनात उतरतं! देवळात मी अनेकदा हात जोडले असतील. पण मनापासून हात जोडावेसे वाटले ते त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत.

त्या बाई पारशी होत्या. मराठी त्यांची त्यांच्यासारखी. "अरे भोईर, तू शब्दापासून पळते, म्हणून तो तुझ्या मागे लागते. कुत्र्यासारखा हाय तो." त्यांनी मला शिकवलं, आधी थोडा श्वास सोड, मग ओठ मिट. आवळू नको, नुसते टेकव. नाकातून गुंजारव येऊ दे, आणि त्या गुंजारवावर शब्द सोड. आणि एक दिवस त्यांनी पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं. "माझ्याबरोबर वाच. माझ्या मागे नाय. बरोबर."

आम्ही वाचायला लागलो. दोन आवाज एकदम. पहिल्याच ओळीत 'म' आला — आणि निघून गेला. पुढच्या ओळीत पुन्हा. निघून गेला. पान संपलं. मी आयुष्यात प्रथम एक अख्खं पान मोठ्याने, न अडखळता, एकही शब्द न बदलता वाचलं होतं. बाईंनी पुस्तक मिटलं. "बघितला? तुझी जीभ चांगली हाय."

असं का होतं, विचारलं.

"मला पण ठाऊक नाय," त्या म्हणाल्या. "रोज बघते, रोज नवल वाटते. दुसऱ्याचा आवाज सोबत असला की अडत नाय. गाताना पण नाय."

त्यानंतर त्यांनी मला एक काम सांगितलं. खाली रस्त्यावर जा, कुणालाही वाट विचार, आणि मुद्दाम अडखळ. न लाजता. "लपवते तोपर्यंत सुटणार नाय तुझा." मी जिना उतरलो. भिंतीला टेकून उभा राहिलो. माणसं जात होती, येत होती. एक फुलवाला होता, एक पोलीस होता, कुणालाही विचारता आलं असतं. मी मुद्दाम तोतरा होऊ? इतक्या कष्टाने लपवलेलं चव्हाट्यावर मांडू? — चालायला लागलो तो थेट घरी. पुन्हा त्या जिन्यावर पाय ठेवला नाही.

बी. ए. झालो आणि कॅम्पात शाळामास्तर म्हणून लागलो. फाळणीनंतर सिंधी लोकांना इथे आणून वसवलं होतं, लष्कराच्या जुन्या बराकींत. एका बराकीत कितीतरी संसार, मध्ये गोणपाटाचे पडदे. खाटांवर पापड वाळत घातलेले. शाळाही बराकीतच भरायची, पत्र्याखाली. सिंधी मुलांना मराठी शिकवायला मला घेतलं होतं.

तिथे मोहिनी होती. दहा-अकरा वर्षांची असेल. पहिल्या दिवशी मुलांची नावं विचारत तिच्यापर्यंत आलो. ती उभी राहिली. ओठ मिटले. मानेची शीर ताठ झाली. डोळे बंद.

मागून एक पोरगा ओरडला, "मोहिनी की मोटर बंद!"

दुसरा म्हणाला, "धक्का मारो!"

वर्ग खदखदला. आणि मी — ज्याला जगात सर्वांत आधी कळायला हवं होतं — मी तिच्या चेहऱ्यावरून नजर काढून घेतली. "बस," एवढंच बोललो.

काही दिवसांनी तिचे वडील आले, लोकूमल. तिकडे सिंधमध्ये त्यांचं कापडाचं दुकान होतं. इथे बायको पापड लाटायची आणि ते डोक्यावर टोपली घेऊन विकायचे. मुख्याध्यापकांनी त्यांना सांगून टाकलं होतं, मुलगी तोंडी परीक्षेत एक शब्द बोलत नाही. या खेपेला शिक्षणखात्याचे साहेब येतील, त्यांच्यासमोर बोलली तर वरच्या वर्गात, नाहीतर शाळेत ठेवण्यात अर्थ नाही.

"साईं, हमारी लडकी चरी नहीं है," कपाळाशी बोट फिरवत ते मला म्हणाले. "घर में अम्मा के साथ गाती है, पूरा गाना. बस, बात बाहर नहीं आती. आप बी. ए. हो. कुछ करो."

आप बी. ए. हो! — मी हो म्हटलं. इस्पितळाचं नाव काढलं नाही. "या विषयावर वाचन आहे," असं सांगितलं.

शाळा सुटल्यावर आम्ही बराकीच्या ओट्यावर बसायचो. तिने वडिलांचा दाढीचा आरसा आणला होता. बाईंनी मला दिलेलं सगळं मी तिला दिलं. आधी श्वास सोड. ओठ टेकव, आवळू नको. हात गालावर ठेव, गुंजारव कळतो का? तिला कळायचा. डोळे मोठे करून मान हलवायची. आणि मग पुस्तक उघडून, एकदम, बरोबर — "मुलगी माळावर गेली." तिचा आवाज आणि माझा. 'मुलगी' निघाली. 'माळ' निघाला.

तुम्हाला कसं सांगू ते काय होतं? दोन अडखळणारे एकत्र वाचत होते आणि दोघंही मोकळे होते. पांगळ्याने पांगळ्याचा हात धरावा आणि दोघांनी धावत सुटावं, तसं. तिला वाटत होतं, मास्तर आपल्याला आवाजाची सोबत देताहेत. तिच्या आवाजाची सोबत मीही घेत होतो, हे तिला कुठे माहीत? एकदा तिची आई पिठाची परात कमरेवर घेऊन चालली होती, ती लेकीचा आवाज ऐकून थांबली. परात खाली ठेवली आणि तशीच जमिनीवर बसली. आम्ही पान संपवेपर्यंत उठली नाही.

मोहिनी हुशार होती. अडखळणाऱ्याचा कान किती तिखट असतो, हे मला कळायला हवं होतं. एक दिवस पुस्तक मिटून, थांबत थांबत, ती म्हणाली, "साईं, आप 'मुलगी' मेरे साथ बोलते हो. अकेले में 'बालिका' बोलते हो."

मी पुस्तक पुन्हा उघडलं.

"'मदत' भी नहीं बोलते. 'साहाय्य' बोलते हो." तिचा चेहरा उजळत चालला होता. परक्या मुलखात आपल्या गावचं माणूस भेटल्यावर होतो तसा. "आपका भी अटकता है?"

"काहीतरीच काय!" असं बोललो. "ती शुद्ध भाषा आहे. शिकलेले लोक असंच बोलतात."

ती हसली. विश्वास ठेवला नाही, हे स्पष्ट दिसत होतं. पण नाराजही झाली नाही. माझा नकार तिने गुपितासारखा घेतला — दोघांतलं. त्या दिवसापासून तिची चालच बदलली. वर्गात हात वर करायला लागली. अडली तरी खाली बसेना. पोरं "धक्का मारो" म्हणाली तर "रुको!" म्हणून त्यांच्यावरच खेकसायची. मी शिकवलेल्या श्वासाने हे झालं नव्हतं. हे झालं होतं, कारण तिला वाटत होतं की जगात ती एकटी नाही. मी खोटं दिलं आणि तिने त्यातून खरं तेवढं काढून घेतलं. त्या वयात हे कसं करता येतं कुणाला?

परीक्षेच्या दिवशी साहेब आले. हार झाला, चहा झाला. मुलांचे कपडे धुतलेले, केसांना तेल. मुख्याध्यापक एका बाजूला, जोशी मास्तर हातात कपबशी घेऊन दुसऱ्या बाजूला, मी फळ्याजवळ. मोहिनीची पाळी आली.

"नाव काय गं तुझं?" साहेब मराठीत म्हणाले. चांगला माणूस होता, आवाजात चेष्टा नव्हती.

ती उभी राहिली. ओठ मिटले. कुणीतरी फिसकन हसलं. मुख्याध्यापक साहेबांच्या कानाशी वाकले, "ही जरा मंद आहे, साहेब, पुढे घ्या."

मोहिनीने ते ऐकलं. तिने श्वास सोडला. मग साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाली — अडत, थांबत, पुन्हा सुरू करत — "साहेब, मला वेळ लागतो."

मी हे तिला शिकवलेलं नव्हतं. कसं शिकवणार? हेच तर ते होतं, जे बाईंनी मला रस्त्यावर जाऊन करायला सांगितलं होतं आणि ज्याच्यापासून मी पळून आलो होतो. ही पोर कुठल्याही इस्पितळात न जाता तिथे पोचली होती. फळ्याला हात टेकून उभा राहिलो.

साहेबांनी मान हलवली. "लागू दे की. घाई कुणाला आहे?"

त्या एका वाक्याने ती फुलून आली. आणि मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. कुणाला उघडं पाडायला नव्हे — वडिलांकडे बोट दाखवावं तसं, अभिमानाने. "भोईर साईंना पण अडतं. तरी ते किती छान बोलतात!"

जोशी मास्तरांची कपबशी हवेत थांबली. साहेब माझ्याकडे वळले, हसत होते. "काय हो भोईर? खरं की काय?"

किती सोपं होतं. हो. एक अक्षर. त्यात 'म' नाही.

"बालिका असत्य बोलत आहे, साहेब."

असं बोललो. शुद्ध, स्पष्ट, न अडखळता. मुलगी म्हणायला गेलो असतो तर तिथेच पकडला गेलो असतो. म्हणून बालिका. खोटं बोलतानाही मी शब्द निवडून बोललो. त्या भरल्या बराकीत तो शब्द काय आहे, हे फक्त एका माणसाला कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या खरेपणाचा पुरावा माझ्याच तोंडून बाहेर पडला होता, आणि तो तिच्याखेरीज कुणालाच ऐकू आला नव्हता.

रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. खालीही बसली नाही. साहेबांकडे वळली आणि म्हणाली, "मी खोटं बोलत नाही."

मी हे एका ओळीत लिहिलं. पण तसं ते झालं नाही. 'मी' वरच ती थांबली. ओठ मिटले, मानेची शीर ताठ झाली, पण या वेळी डोळे उघडे होते. उन्हाने पत्रे तडतडत होते, तेवढाच आवाज. कुणी हसलं नाही. ते ओठ सुटले, पुन्हा मिटले, पुन्हा सुटले. तिला वळसा घालता आला असता. 'खोटं बोलत नाही' म्हटलं असतं तरी कळलं असतं. तिने 'मी' गाळला नाही. त्याच्यासाठी उभी राहिली, घामाघूम होईपर्यंत, आणि तो आणला. मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली. केलीही. याहून मोठं काही माणसाच्या तोंडून निघालेलं मला माहीत नाही.

आणि हे ऐकूनही मी फळ्याजवळ गप्प उभा होतो.

साहेबांचा चेहरा पडला. "वाचेचा दोष समजू शकतो," ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "पण शिकवणाऱ्यावरच बालंट?" आणि पुढच्या मुलाकडे गेले. मुख्याध्यापकांनी निकाल दिला, गुरुजींची माफी मागेल तरच वर्गात बसेल.

कसली भीती होती मला? नोकरीची? नाही. साहेब हसून सोडून देणार होते, ते डोळ्यांतच दिसत होतं. भीती होती जोशी मास्तरांच्या एका वाक्याची. "अच्छा! म्हणून होय ते साहाय्य!" असं ते म्हणाले असते आणि चहा प्यायले असते. दुसऱ्या दिवशी विसरलेही असते. एवढंच.

मोहिनी त्यानंतर शाळेत आली नाही. वडील पाठवायला तयार होते, मुख्याध्यापकही घ्यायला तयार झाले. तीच आली नाही. मला मात्र नाव मिळालं. मुकी पोरगी बोलती केली, असं बदलापूर-वांगणीपर्यंत झालं. डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं पोरांना खांद्यावर घेऊन येऊ लागली. मी त्यांना शिकवत राहिलो. आजवर त्यांतल्या एकाही पोराला सांगितलं नाही की मलाही. "वाचन आहे," असंच सांगतो.

काही वर्षांनी ती मला कॅम्पाच्या बाजारात दिसली. मोठी झाली होती. पापडांच्या टोपलीमागे बसून एका गिऱ्हाइकाशी वाद घालत होती. अडत होती, मजेत अडत होती, हात वर करून गिऱ्हाइकाला थांबवून ठेवत होती, आणि तो बापडा थांबत होता! शब्द आला की तिथून पुढे पाण्यासारखी सुटायची. शेजारचा भाजीवाला हसला, तिने त्यालाही सुनावलं. मी कापडाच्या दुकानाआड उभं राहून ऐकलं. पुढे गेलो नाही.

इथे थांबलो तर तुम्हाला वाटेल, सगळं सांगून झालं. मलाही लिहिताना तसंच वाटत होतं. पण एक राहिलं आहे. त्याच्याभोवतीच मी एवढा वेळ फिरतो आहे.

परीक्षेनंतरच्या रविवारी लोकूमलांनी मला घरी बोलावलं. गोणपाटाचा पडदा बाजूला करून आत घेतलं. खाटेवर धुतलेली चादर. आलेल्या माणसाला देतात तसं पापड आणि पाणी पुढे ठेवलं. मोहिनी आईजवळ उभी होती.

लोकूमलांनी हात जोडले. "साईं, घर छोडा, दुकान छोडा. एक जबान साथ लाए थे. लडकी ने उस को भी दाग लगाया." मग तिला म्हणाले, "बोल."

ती पुढे आली. माझ्या पायांकडे न बघता सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली. 'माफ' म्हणायचं होतं तिला.

ओठ मिटले.

ती तशीच उभी राहिली. वडील मान खाली घालून, आई पदर तोंडाशी धरून. आणि मला माहीत होतं काय करायचं. त्या घरात फक्त मला माहीत होतं. तिच्याबरोबर तो शब्द म्हणायचा. तिच्या मागे नाही, बरोबर. दोन आवाज एकत्र झाले असते आणि तो शब्द तिच्या ओठांवरून फुंकरीसारखा सुटला असता. खरं तर माफीचा शब्द म्हणायला हवा होता तो मीच. मी माझे ओठ नुसते टेकवले असते तरी पुरे होतं. ती वाट बघत होती, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. नजर मात्र हलवत नव्हती.

मी पापडाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. त्याचा आवाज त्या शांततेत केवढा मोठा झाला.

खूप वेळाने तिने तो शब्द एकटीने पुरा केला.

"ठीक आहे," असं बोललो, आणि पाणी पिऊन उठलो.